पैरा, वारंगुळा, इर्जिक, उसनवारी : सुगीनंतरची कामं आणि त्यांची फेड

विश्रामबाग : शाळू काढून झाला, हळदीची काहिल पेटली की आपल्या भागात छोट्या शेतकऱ्याच्या दारात एकदम दहा कामं येऊन पडतात. कडबा रचायचा, हळद काढायची, शेणखत ओढायचं, विहिरीचा गाळ काढायचा, आणि घरात शेवया-कुरडयांचा घाट. फाल्गुन ते वैशाख हेच चालतं. एक-दीड एकरवाल्याला एवढ्याला रोजानं माणसं लावणं परवडत नाही. मग काम शेजाऱ्याच्या जिवावर होतं, आणि त्याची फेड कामानं नाहीतर धान्यानं होते. या फेडीचे प्रकार वेगवेगळे आहेत. हल्ली सगळ्यालाच 'पैरा' म्हणतात आणि तिथंच भांडणाला सुरुवात होते.

पैरा म्हणजे कामाला काम. आज तुम्ही माझ्या हळदीत, परवा मी तुमच्या शाळवात. काही भागात यालाच सावड म्हणतात. वारंगुळा बैलांचा असतो. दोघांकडं एकेकच बैल असेल तर जोडी जमवायची आणि दोन्ही रानं पाळीपाळीनं ओढायची. इर्जिक याहून वेगळं. ज्याचं काम अडलंय त्याच्या रानात गावातले नांगर एका दिवसात येतात, घरधनी सगळ्यांना जेवू घालतो आणि तिथं हिशोब संपतो. इर्जिकीची फेड मागायची नसते. ट्रॅक्टर आल्यापासून इर्जिक जवळजवळ बंदच आहे, पैरा मात्र टिकून आहे. कारण हळद काढायला, कणसं मोडायला अजून हातच लागतात.

पैऱ्यात सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे दिवसाला दिवस कसा धरायचा. बैलजोडीचा दिवस माणसाच्या एका दिवसात फिटत नाही. किती दिवसांत फिटायचा ते ज्या-त्या गावात ठरलेलं असतं, पण नव्या माणसाबरोबर ते आधीच बोलून घ्यावं. बाईचा दिवस गड्याच्या दिवसापेक्षा कमी धरायची रीत बऱ्याच ठिकाणी आहे. हळद वेचण्यात, गड्डे मोडण्यात बाईमाणूस गड्याच्या पुढंच असतं, तरी हिशोबात अर्धं. ही रीत सोडलेली बरी. ज्या घरात एकटी बाईच कर्ती आहे तिला या हिशोबानं एका दिवसाला दोन दिवस राबावं लागतं, आणि ती पैऱ्यातून बाहेर पडली की तिचं रान पडीकच राहतं.

धान्याची उसनवारी मापानं चालते. आता किलो आले, तरी म्हाताऱ्या बायका पायलीवरच बोलतात. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. नेताना माप सपाट असलं तर परत करताना थोडी शीग ठेवून द्यायची, एवढाच मान. कडब्याचं तसंच. पाच पेंढ्यांचा पाचुंदा, आणि पेंढी केवढी हे बघूनच घ्यायचं. बारीक पेंढी देऊन जाड पेंढी परत मागणारे महाभाग प्रत्येक गावात असतात.

पण शीग वेगळी आणि सवाई-दिढी वेगळी. चार पायल्या नेल्या म्हणून सुगीला पाच किंवा सहा मागणं ही उसनवारी नव्हे, सावकारी आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 मध्ये कर्ज म्हणजे नुसता पैसा नाही. व्याजानं दिलेली वस्तूही त्यात येते. परवाना नसताना असं देणाऱ्याविरुद्ध सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडं तक्रार करता येते.

खताच्या बाबतीत एक जुना व्यवहार अजून चांगला चालतो. रान मोकळं झालं की धनगरांची बकरी बसवतात. आपल्याकडं मेंढरांनाही बकरीच म्हणतात. रात्रभर कळप रानात बसतो, लेंडीखत आणि मूत जागेवर पडतं. बदल्यात धान्य किंवा रोख द्यायचं. नांगरट करून ठेवली असेल तर किंवा पाऊस तोंडावर आला असेल तर उगीच बोलावू नये.

आता हळदीचं बेणं. यात खरा धोका आहे. एकरी साधारण 10 क्विंटल बेणं लागतं, म्हणून नवीन लावणारा शेजाऱ्याकडून उसनं नेतो आणि पुढच्या काढणीला, म्हणजे नऊ-दहा महिन्यांनी, परत करतो. इथं तीन गोष्टी आधीच ठरवाव्यात. बेणं काढल्याबरोबर ओलं तोलायचं की सावलीत ठेवून, निवडून लागणीच्या वेळी तोलायचं? मधल्या दिवसांत वजन घटतं, ती घट कुणाची? परत देताना जेठे गड्डेच द्यायचे की अंगठ्याचेही चालतील? जेठे गड्डे साधारण 50 ग्रॅमच्या वरचे असावेत. आणि तिसरं, ज्या रानात कंदकूज दिसली होती तिथलं बेणं घ्यायचंही नाही आणि द्यायचंही नाही, मग शेजारी कितीही जवळचा असो. कूज बेण्याबरोबर रानात येते आणि मग पुढं त्या मातीत ठाण मांडते. शंका असेल तर कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्रात नमुना दाखवून विचारावं.

घरातला पैरा बायकांचा. आज हिच्या शेवया, उद्या तिच्या कुरडया. गव्हाचा चीक हाटायला दोघी लागतातच, आणि गरम चीक पोरांच्या वाटीत जातो तीच मजुरी. ताक मागायला आलेल्याला पैसे विचारत नाहीत. गाय व्याल्यावर शेजारी चीक दिला की त्याचं भांडं रिकामं परत येत नाही, चार दाणे शाळू किंवा गुळाचा खडा असतोच.

विश्रामबागेच्या आसपास हे आता कमी झालंय. 1998 साली सांगली-मिरज-कुपवाड महापालिका झाली, रानांचे प्लॉट पडले. इनाम धामणी, हरिपूर, अंकलीकडं गेलं की अजून पैऱ्याची माणसं भेटतात. प्लॉटच्या मधोमध ज्याचं अर्धा एकर रान उरलंय त्याला मात्र पैरा करायला बांधाला बांध लागून शेतकरीच नाही. अशांनी काढणीच्या महिनाभर आधीच या गावांत शब्द टाकून ठेवावा. होळीनंतर कुणाचा दिवस मोकळा मिळत नाही.