घरोघरचे गणक

चिपळुणांत पावसाळ्याच्या रात्रीं झोप सावध असते. वाशिष्ठीचा आवाज बदलला कीं माणसें उठून बसतात. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनीं अनुभविला, त्यांची अशी समजूत झाली होती कीं, असें पाणी पिढींतून एकदांच यावयाचें. परंतु सोळाच वर्षांनीं, २२ जुलै २०२१ रोजीं, तें पुन्हां आलें. बाजारपेठ बुडाली, १८६४ सालीं स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरांतील पुस्तकांचा दोन्ही वेळां चिखल झाला. त्या दुसऱ्या पुरानंतर ओटीवरचा गाळ उपसतां उपसतां आमच्या शेजारचे दादा मला म्हणाले, "मास्तर, हें आतां नेहमींचेंच समजावयाचें काय हो?" मी पडलों गणिताचा शिक्षक, तेव्हां उत्तर मला ठाऊक असलेंच पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा.

श्रोतेहो, प्रश्न दिसावयास साधा आहे, पण त्याचें उत्तर एका पुरावरून मिळत नाहीं, आणि दोन पुरांवरूनहि मिळत नाहीं. फांसा एकदां टाकून तो खरा कीं खोटा हें कळत नाहीं. तो हजार वेळां टाकून पाहावा लागतो. पावसाचा फांसा निसर्ग एकदांच टाकतो. हजार वेळां तो टाकावयाचा, तर गणितांतच टाकला पाहिजे. असें अजस्र गणित गेल्या वीस-बावीस वर्षांत झालेलें आहे, आणि त्यांतील मोठा भाग जगभरच्या सामान्य गृहस्थांनीं आपल्या घरच्या संगणकांवर, एक पैहि न घेतां, करून दिलेला आहे. या घरगुती गणिताची परंपरा संगणकाहून पुष्कळ जुनी आहे.

घरीं बसून आकाशाचें गणित करणें कोंकणाला नवें नाहीं. मुरुड-जंजिऱ्याजवळच्या नांदगांवीं गणेश दैवज्ञांनीं शके १४४२ मध्यें, म्हणजे इ. स. १५२० च्या सुमारास, 'ग्रहलाघव' रचिला. त्यांत त्यांनीं दोन युक्त्या योजिल्या. जुन्या ग्रंथांतील ज्या-कोज्यांचा खटाटोप टाळला. आणि युगारंभापासून दिवस मोजण्याऐवजीं ४०१६ दिवसांचें, म्हणजे सुमारें अकरा वर्षांचें, एक चक्र धरलें. आंकडे लहान झाले, आणि बेताची विद्या असलेल्या जोश्यालाहि घरच्या पाटीवर ग्रह मांडतां येऊं लागले. मात्र प्रत्येक जोशी आपलें गणित आपल्यापुरतें करी. एकाचें उत्तर दुसऱ्याच्या उत्तराला जोडून तिसरें, मोठें उत्तर काढण्याची सोय त्यांत नव्हती.

ती सोय झाली इंग्लंडांत, आणि तीहि टपालाच्या जोरावर. समुद्रावर जहाजाचें रेखांश काढण्यासाठीं चंद्राचीं स्थानें आगाऊ छापून हवीं असत. राजज्योतिषी नेव्हिल मॅस्कलिन यांनीं १७६७ सालापासूनचें 'नॉटिकल अल्मनॅक' हें नाविक पंचांग सुरू केलें, आणि त्याचें गणित गांवोगांवच्या लोकांना घरीं करावयास दिलें. या लोकांना इंग्रजींत 'कॉम्प्यूटर' म्हणत! आज जो शब्द यंत्राला आपण लावतों, तो तेव्हां माणसाचा हुद्दा होता. आपल्याकडे त्याला 'गणक' हा शब्द होताच.

मॅस्कलिन यांची खरी हुशारी पुढेंच आहे. एकेका महिन्याचें काम ते दोन गणकांकडे वेगवेगळें पाठवीत, आणि दोघांचे कागद तिसऱ्या तुलनाकाराकडे जात. मलाकाय हिचिन्स नांवाचे एक पाद्री हें तुलनेचें काम करीत. १७७० सालीं त्यांच्या लक्षांत आलें कीं, दोन गणकांच्या चुका सुद्धां हुबेहूब सारख्या आहेत. बरोबर उत्तरें सारखीं येतात. चुका सारख्या यावयाच्या, तर एकानें दुसऱ्याचें पाहून लिहिलेलें असलें पाहिजे. शाळेंत आम्ही मास्तर लोक चोर पकडतों तो याच रीतीनें. दोघांनाहि कामावरून काढण्यांत आलें.

या गणकांत लडलो गांवच्या मेरी एडवर्ड्स या बाईंची हकीकत मला फार महत्त्वाची वाटते. काम त्यांच्या पतीच्या नांवें येई. १७८४ सालीं पति वारले, तेव्हां बाईंनीं काम आपल्याकडेच राहूं द्यावें अशी विनंती केली, आणि तेव्हां उघड झालें कीं, आजवरचें बहुतेक गणित त्यांनींच केलें होतें. त्यांच्यामागून त्यांची कन्या एलायझा हिनें तें चालविलें. पुढें १८३२ च्या सुमारास सारें काम लंडनच्या एका कचेरींत गोळा झालें, आणि सरकारी कचेरीचीं दारें स्त्रियांना बंद असल्यामुळें एलायझाचें काम गेलें. घरीं बसलेल्या माणसाचें नांव, जात, लिंग टपालाच्या पाकिटावर दिसत नसे. कचेरीच्या दारावर तें दिसूं लागलें.

त्यापुढील शंभरदीडशें वर्षें गणित कचेरींतच राहिलें. हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनीं पहिल्या महायुद्धाच्या काळांत येथील कारकुनांकडून देशोदेशींच्या हवेच्या दाबांचे व पावसाचे परस्परसंबंध काढविले, ते आपला मोसमी पाऊस आगाऊ कळावा म्हणून. त्याच युद्धांत ल्युइस रिचर्डसन हे शांततावादी गृहस्थ फ्रान्समध्यें जखमी सैनिकांची ने-आण करीत होते, आणि फावल्या वेळांत २० मे १९१० या एका दिवसाच्या हवेचें गणित हातानें करीत होते. उत्तर साफ चुकलें. सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबार चढेल असें निघालें. प्रत्यक्षांत तो जवळजवळ हललाहि नव्हता. तरी १९२२ च्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं हें अपयश जसेंच्या तसें छापलें, आणि एका विशाल नाट्यगृहांत ६४,००० गणक बसवून साऱ्या पृथ्वीच्या हवेचें गणित करण्याचें चित्रहि रेखाटलें. लोक हंसले असतील.

हे चौसष्ट हजार गणक अखेर मिळाले, पण नाट्यगृहांत नव्हे, पुन्हां घरोघरींच. घरोघर संगणक आले, आणि दिवसांतील बहुतेक वेळ ते रिकामे बसूं लागले. १९९६ सालीं जॉर्ज वोल्टमन यांनीं प्रचंड मूळ संख्या शोधण्याचें काम अशा यंत्रांना वांटून दिलें. १७ मे १९९९ रोजीं बर्कलेच्या विद्यापीठानें 'सेटी अ‍ॅट होम' सुरू केलें. अरेसिबोच्या महादुर्बिणीनें टिपलेल्या रेडिओलहरींचे सुमारें १०७ सेकंदांचे तुकडे पाडून ते घरोघर धाडावयाचे, आणि परग्रहावरील कोणाची हांक त्यांत आहे काय तें तपासावयाचें. पन्नास लाखांहून अधिक लोक त्यांत आले. हांक ऐकूं आली नाहीं; ३१ मार्च २०२० रोजीं नवे तुकडे वांटणें थांबलें. परंतु ज्या 'बॉइंक' नांवाच्या व्यवस्थेवर तें पुढें चालविलें गेलें, तिच्यावर दुसरीं अनेक शास्त्रें उभीं राहिलीं. त्यांतील 'आइन्स्टाइन अ‍ॅट होम' मध्यें २०१० सालीं आयोवांतील एक दांपत्य व जर्मनींतील एक गृहस्थ यांच्या घरच्या यंत्रांनीं सेकंदास सुमारें एकेचाळीस फेरे घेणारा एक नवा स्पंदक तारा शोधून काढला.

येथेंहि लबाडी आलीच. केलेल्या कामाचे गुण जाहीर होत असत. ते वाढावे म्हणून कांहींनीं आज्ञावलींत फेरफार केले. उपाय निघाला तो मॅस्कलिन यांचाच. एकच तुकडा दोन अपरिचित घरांत धाडावयाचा, आणि उत्तरें जुळलीं तरच तीं मान्य करावयाचीं. हिचिन्स यांच्या जागीं आतां यंत्र बसलें आहे, एवढाच फरक.

आतां पावसाकडे येतों. ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनीं सप्टेंबर २००३ मध्यें 'क्लायमेट-प्रेडिक्शन' हा उपक्रम काढला. प्रत्येक घरीं साऱ्या पृथ्वीच्या हवामानाची एकेक गणिती प्रतिकृति धाडावयाची, मात्र प्रत्येकींत एखादा आंकडा थोडा निराळा ठेवावयाचा. २००५ च्या पुरानंतर मीहि एक मागविली. भारनियमनाचे ते दिवस. रोज ठराविक तास वीज जाई. पण झालेलें गणित मधून मधून जपून ठेवण्याची सोय असल्यामुळें वीज आल्यावर काम मागील पानावरून पुढें चालू होई. घरांत त्यावरून बोलणीं खाल्लीं, बिल वाढलें, आणि आषाढांत सुरू केलेली माझी पृथ्वी दिवाळीच्या सुमारास एकदांची पुरी झाली. २००५ च्या जानेवारींत 'नेचर' मध्यें या उपक्रमाचीं पहिलीं फळें आलीं होतीं: हवेंतील कर्बवायु दुप्पट झाल्यास उष्णता किती वाढेल, याचीं उत्तरें दोन अंशांहून कमी ते अकरा अंशांहून अधिक इतकीं पसरलेलीं होतीं. वृत्तपत्रांनीं अकराचाच डांगोरा पिटला. नंतरच्या संशोधनानें हा विस्तार बराच आंवळला. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय अहवालानें अडीच ते चार अंश हा संभाव्य पल्ला मानला आहे.

याच उपक्रमाच्या पुढल्या शाखेनें दादांच्या प्रश्नाला हात घातला, फक्त गांव निराळें. डिसेंबर २०१५ मध्यें चेन्नई बुडाली. आज आहे तशी पृथ्वी आणि कर्बवायु सोडलाच नसता तर असती तशी पृथ्वी, अशा दोहोंच्या पुष्कळ प्रतिकृति घरोघर चालवून, त्या पावसाची शक्यता कोठें किती हें ताडून पाहण्यांत आलें. इतर प्रतिकृति आणि पावसाच्या जुन्या नोंदीहि सोबतीला होत्या. निष्कर्ष असा निघाला कीं, त्या एका पावसापुरता मानवी तापवाढीचा परिणाम स्पष्ट दाखवितां येत नाहीं. हवेंतील धुराच्या सूक्ष्म कणांनीं तापवाढीचा परिणाम कांहीं अंशीं झांकला असावा, असाहि तर्क पुढें आला. हजारों घरांची वीज जाळून 'दिसत नाहीं' असें सांगावयास धैर्य लागतें. रिचर्डसन यांना तें आवडलें असतें.

एक गोष्ट मात्र मला मान्य करावीच लागते. 'संगणक रिकामाच तर आहे' हें १९९९ चें बोलणें आतां पूर्वीसारखें खरें राहिलेलें नाहीं. हल्लींचीं यंत्रें काम नसलें कीं स्वतःच पेंगतात आणि वीज वांचवितात. त्यांना रात्रभर राबविलें तर बिलांत दिसतें. देणगी पूर्वी फावल्या वेळाची होती, ती आतां रोख पैशांची झाली आहे. ज्यांना परवडेल त्यांनीं द्यावी.

माझा जुना संगणक तळमजल्यावर होता. २०२१ च्या पाण्यानें तो नेला. चेन्नईची हकीकत मीं दादांना सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे उत्तर नाहींच म्हणा." मीं म्हटलें, "दादा, चेन्नईचें उत्तर आहे. आपल्या वाशिष्ठीचें वेगळें काढावें लागेल. सह्याद्रीचा उतार, समुद्राची भरती, कोयनेच्या वीजघरांतून सोडलेलें पाणी, हें सारें त्यांत मांडावें लागेल." दादांनीं फावडें भिंतीला टेकलें. "किती दिवस लागतील?" त्यांनीं विचारलें. मीं म्हटलें, "किती घरें मिळतात त्यावर आहे." मग आम्ही दोघे पुन्हां गाळ उपसावयास लागलों.