फ्रेट समतल करणे : इलेक्ट्रिक गिटार

इलेक्ट्रिक गिटारच्या फिंगरबोर्डवर आडवे ठोकलेले धातूचे फ्रेट उंच-सखल झाले की त्यांचे माथे पुन्हा एका पातळीत आणण्याचे काम. कारागिरांच्या बोलण्यात ‘फ्रेट लेव्हल करणे’. घासून सपाट झालेल्या माथ्याला पुन्हा गोलाई देणे आणि शेवटी चकाकी आणणे हेही याच कामात मोडते. तार दाबल्यावर झणझण ऐकू येणे, एखाद्या घरात, म्हणजे दोन फ्रेटांमधल्या जागेत, सूर मुका पडणे, दोन शेजारच्या घरांत एकच सूर वाजणे किंवा तार ओढून सूर चढवताना तो मध्येच विझणे, ही फ्रेट असमान झाल्याची नेहमीची लक्षणे.

सतारीचा पडदा दांडीला दोऱ्याने बांधलेला असतो. तो सरकवता येतो आणि दोरा बदलून पुन्हा बसवता येतो. गिटारचा फ्रेट मात्र कायमचा रोवलेला असतो. त्याचा छेद टी या इंग्रजी अक्षरासारखा : वर गोल माथा, खाली पातळ पाते आणि पात्याला बारीक दाते. हे पाते फिंगरबोर्डच्या खाचेत ठोकतात किंवा दाबून बसवतात, आणि मग लाकूडच त्याला धरून ठेवते. लाकडाची पकड जिथे ढिली पडते, तिथे फ्रेट केसभर वर येतो. कोरड्या हवेत फिंगरबोर्ड आकसला की फ्रेटांची टोके कडेने बाहेर येऊन बोटांना बोचू लागतात. फ्रेट असमान होण्याचे दुसरे कारण झीज. बहुतेक फ्रेट ‘निकेल सिल्व्हर’चे असतात. नावात सिल्व्हर असले तरी त्यात चांदी नसते. तांबे, जस्त आणि सुमारे १८ टक्के निकेल यांचा हा मिश्रधातू पोलादी तारांपुढे मऊ पडतो, आणि रोजच्या वादनात तारेखाली खळगे पडत जातात. पहिल्या काही घरांत हे खळगे आधी दिसतात, कारण कॉर्ड धरताना बोटे बहुतेक तिथेच असतात.

हे काम इतके नाजूक का, ते एका साध्या हिशोबातून कळते. नटपासून, म्हणजे तारेच्या वरच्या टोकाच्या टेकूपासून, पुढे प्रत्येक फ्रेट उरलेल्या लांबीच्या १७.८१७ व्या भागावर येतो. म्हणजे ज्या फ्रेटवर तार दाबली आहे तिथून ब्रिजपर्यंत जितकी तार उरते, तिच्या ५.६ टक्के अंतरावर पुढचा फ्रेट असतो. फेंडर स्ट्रॅटोकास्टरची तार नटपासून सॅडलपर्यंत, म्हणजे ब्रिजवरच्या टेकूपर्यंत, ६४८ मिलिमीटर असते. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची, म्हणजे ‘ॲक्शन’, दीड मिलिमीटर ठेवली तर सॅडल फ्रेटांच्या पातळीपासून साधारण तीन मिलिमीटर वर येते. आता तार कोणत्याही फ्रेटवर दाबली, तरी पुढच्या फ्रेटच्या माथ्यावर तिला मिळणारी मोकळीक या तीन मिलिमीटरच्या ५.६ टक्के, म्हणजे ०.१७ मिलिमीटर. दुसऱ्या घरात तेवढीच, पंधराव्या घरात तेवढीच. नेकच्या बाकामुळे हा आकडा थोडा कमीजास्त होतो, पण दोन-तीन केसांच्या जाडीइतक्या फटीतच हा सारा खेळ चालतो. एक फ्रेट दशांश मिलिमीटरने वर आला, तर त्याने निम्म्याहून जास्त फट खाल्ली. म्हणूनच सातव्या घरात झणझण आली की सातवा फ्रेट उंच आहे असे समजू नये. आठवा उंच असतो किंवा सातवा झिजून खाली गेलेला असतो.

कानस हातात घेण्याआधी नेक तपासणे हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, आणि घाईत तोच सर्वाधिक वेळा वगळला जातो. ०.०१० ते ०.०४६ इंच जाडीच्या तारांचा नेहमीचा संच प्रमाण सुरात लावला की नेकवर सुमारे ४६ किलोचा ताण येतो आणि नेक पुढे वाकते. त्या ताणाला तोलण्यासाठी नेकच्या पोटात पोलादी ट्रस रॉड असतो. गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू यांना अशा जुळवता येणाऱ्या रॉडचे अमेरिकी पेटंट १९२३ मध्ये मिळाले. नेक पूर्ण सरळ नव्हे, किंचित अंतर्वक्र हवी. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबायची आणि आठव्या फ्रेटवरची फट फीलर गेजने मोजायची. ती पाव मिलिमीटरच्या आसपास असावी. नेक उलटी, म्हणजे मागे वाकलेली असेल तर पहिल्या चार-पाच घरांत झणझण येते. त्या झणझणीवर उपाय ट्रस रॉडचा पाना फिरवण्याचा आहे, फ्रेट घासण्याचा नाही. घासलेला धातू परत येत नाही. पावसाळ्यात फुगलेली आणि उन्हाळ्यात सुकलेली नेक आधी जुळवून, एक-दोन दिवस स्थिरावू देऊन मगच निदान करावे.

तपासणीपुरती नेक सरळ करून घेतली की ‘फ्रेट रॉकर’ नावाची छोटी सरळ कडेची पट्टी लागोपाठच्या तीन फ्रेटांवर ठेवतात. पट्टी डुलली तर मधला फ्रेट उंच. हीच तपासणी प्रत्येक तारेखाली वेगळी करावी लागते, कारण एखादा फ्रेट एका टोकाला बसलेला आणि दुसऱ्या टोकाला उठलेला असू शकतो. असा सैल फ्रेट बोटाने दाबल्यावर खाली जात असेल, तर हलक्या हातोडीने किंवा क्लॅम्पने बसवून खाचेत पातळ सुपरग्लूचा थेंब सोडतात. कित्येकदा दुरुस्ती इथेच संपते. उठलेला फ्रेट न बसवता तसाच घासला, तर तो सैलच राहतो आणि पुढच्या ऋतूत पुन्हा हलतो.

एवढे करूनही असमानता उरली तरच घासणी. पिकअपमध्ये चुंबके असतात आणि धातूचा कीस त्यांना चिकटतो, म्हणून पिकअप झाकून घेतात. फ्रेटांमधल्या लाकडावर मास्किंग टेप चिकटवतात आणि प्रत्येक माथा मार्करने काळा करतात. मग अगदी सरळ, लांब धातूच्या दांड्याला ३२० किंवा ४०० नंबरचा सँडपेपर लावून तो तारांच्या दिशेने, जवळजवळ स्वतःच्याच वजनावर फिरवतात. जिथली शाई पुसली तो भाग उंच. जिथे शाई राहिली तो सखल. शेवटच्या काळ्या खुणेवर एक पुसट रेघ उमटली की थांबायचे. साधारण चौदाव्या फ्रेटपासून पुढे किंचित जास्त उतार देतात, कारण नेक शरीराला जोडली जाते तिथे पुष्कळ गिटारींत उंचवटा तयार होतो. तारांच्या ताणाखाली नेकचा आकार बदलतो, म्हणून अमेरिकेतील गिटार-कारागीर डॅन अर्लवाइन यांनी तारा काढल्यावरही नेक ताणातल्याच आकारात धरून ठेवणारी चौकट वापरात आणली.

सपाट झालेला माथा तसाच ठेवला तर तार माथ्याच्या मध्यावरून न सुटता ब्रिजकडच्या कडेवरून सुटते, सूर किंचित चढतो आणि रुंद पृष्ठाला घासत तार सतारीसारखी झंकारते. हीच घासण सतारीत मुद्दाम साधलेली असते. मिरजेचे कारागीर घोडीचा माथा कानशीने घासून जी जवारी लावतात, तिचा प्राण तारेच्या त्या हलक्या स्पर्शातच आहे. गिटारमध्ये तोच स्पर्श दोष ठरतो. म्हणून आतून गोल असलेल्या क्राउनिंग कानशीने दोन्ही बाजू उतरवत माथ्यावर काळ्या शाईची बारीक रेघ तेवढी राखतात. ती रेघ पुसली गेली तर उंची पुन्हा बिघडली असे समजावे. पुढे अधिकाधिक बारीक पेपरांनी चकाकी आणतात. खरखरीत फ्रेटवर तार बाजूला ओढली की कर्र आवाज येतो, त्यामुळे हे काम नुसते शोभेचे नाही.

तार ओढून घेतलेल्या सुराची, म्हणजे बेंडची, अडचण वेगळी. जुन्या फेंडर गिटारींच्या फिंगरबोर्डची गोलाई ७.२५ इंच त्रिज्येची. गिब्सनची सहसा १२ इंच. ७.२५ इंचांच्या वक्रावर बारीक तार मध्याकडे ओढली की ती उंचवट्यावर चढते आणि पुढच्या फ्रेटला टेकून मुकी होते. अशा वेळी फ्रेट समतल असूनही सूर विझतो. ॲक्शन वाढवणे किंवा वरच्या फ्रेटांची गोलाई थोडी सपाट करणे एवढेच मार्ग उरतात.

बर्लिनमध्ये विकसित झालेले प्लेक हे संगणकनियंत्रित यंत्र तारा ताणलेल्या स्थितीत प्रत्येक फ्रेटची उंची मोजते आणि मग लागेल तेवढाच धातू कापते. गिब्सनच्या कारखान्यातही ते वापरले जाते. सैल फ्रेट मात्र आधी हातानेच बसवावा लागतो.

फ्रेटची उंची दर घासणीत कमी होते. नवा फ्रेट प्रकारानुसार सुमारे १.१ ते १.४ मिलिमीटर उंच असतो, त्यामुळे एका फ्रेटला मोजक्याच घासण्या सोसतात. गिब्सनने १९५४ मध्ये आणलेल्या लेस पॉल कस्टमचे फ्रेट मुद्दाम बुटके होते आणि तिला ‘फ्रेटलेस वंडर’ म्हटले जाई, पण इतक्या बुटक्या फ्रेटवर बेंड करताना बोटाला तारेखाली पकड मिळत नाही. खळगे खोल असतील तर सगळे फ्रेट त्यांच्या तळापर्यंत उतरवण्यापेक्षा झिजलेले तेवढे बदलून नवे शेजाऱ्यांशी जुळवणे बरे. जुन्या फेंडर नेकमध्ये फ्रेट वरून न ठोकता बाजूने खाचेत सरकवलेले असत. ते सरळ वर उपसले तर मेपलच्या कपच्या निघतात, म्हणून ते बाजूनेच सरकवून काढतात.