मोटार-जाहिराती व त्यांचा संग्रह (कोल्हापूर)

मोटारगाड्या, दुचाक्या, टायर, बॅटरी आणि तेल खपवण्यासाठी काढलेल्या छापील, रंगवलेल्या व पत्र्यावरच्या जाहिराती. तसेच त्या जमवण्याचा छंद. अमेरिकेत विंटन कंपनीने १८९८ मध्ये घोडा सोडून मोटार घेण्याचे आवाहन छापले. मुंबईच्या रस्त्यांवर मोटार दिसू लागली तीही त्याच सुमारास. जॉर्डन कंपनीच्या १९२३ च्या जाहिरातीने इंजिनाचे तपशील बाजूला ठेवून मोकळ्या माळावरच्या भरधाव प्रवासाची ओढ विकली. तेव्हापासून यंत्राइतकेच स्वप्नही विकले जाऊ लागले.

भारतात जाहिरातीच्या धंद्याला बळ दिले ते मोटारीने. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला आणि तिच्याच कामासाठी जे. वॉल्टर थॉमसन ही जाहिरातसंस्था १९२९ मध्ये मुंबईत आली.

कोल्हापुरात मोटारीचे पहिले आकर्षण दरबारी होते. राजाराम महाराजांची (कारकीर्द १९२२–४०) मेबॅक मोटार आजही शाही दसऱ्याला दसरा चौकात येते आणि लोक तिच्यासाठी गर्दी करतात. जाहिरातचित्राची जाण मात्र या गावाला सिनेमाने दिली : बाबूराव पेंटर आपल्या मूकपटांची भित्तिपत्रके स्वतः रंगवत.

स्वातंत्र्यानंतर परवाना-पद्धतीत गाडी जाहिरातीवाचूनही खपे. वालचंद हिराचंद यांनी स्थापलेल्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्यात तयार होणारी फियाट नोंदवून गिऱ्हाईक वर्षानुवर्षे थांबे. दुचाकीचीही तीच गत होती. बजाजच्या १९८९ च्या दूरचित्रवाणी जाहिरातीने स्कूटर घराघरांतल्या अभिमानाची वस्तू केली. पण पडद्यावरची जाहिरात कागदासारखी हाती उरत नाही.

संग्राहकाला सर्वांत भुरळ पडते ती एनॅमलच्या पाटीची. लोखंडी पत्र्यावर काचेचा थर भट्टीत भाजून ती करतात. हातात घेताच वजन जाणवते. बोट फिरवले तर रंगांच्या कडा उंचसखल लागतात. टवका उडालेल्या जागी खालचा गडद थर किंवा गंजलेले लोखंड दिसते. नकली पाटीवरची छपाई सपाट असते आणि गंज सगळीकडे सारखाच पसरवलेला असतो. खरा गंज बहुधा खिळ्यांच्या भोकांपासून आणि कडांपासून आत सरकतो.

मासिकातली जाहिरात पान फाडून घेणे हा या छंदातला मोठा अपराध मानावा. पान सुटले की साल, अंक, शेजारचा मजकूर, सारेच हरवते, आणि उरते नुसते शोभेचे चित्र. अंक पुरा ठेवावा, प्लास्टिकच्या साध्या पिशवीऐवजी आम्लमुक्त कागदात, उन्हापासून दूर.

बाजारात भाव मिळतो तो मोठ्या कंपनीच्या नावाला. कोल्हापूरच्या इतिहासाला मात्र स्थानिक विक्रेत्याचे नाव-पत्ता असलेले दरपत्रक, गॅरेजची पावती किंवा पेट्रोल पंपाचे कॅलेंडर अधिक मोलाचे आहे. कंपनीचे चित्र देशभर एकच छापले जाई. गाडी इथे कोणी, कोणत्या पेठेत, काय भावाने विकली, हे फक्त या कागदांवर सापडते. तेच कागद रद्दीत सर्वांत आधी जातात.