जुन्या वास्तू, जुनी पुस्तके : हे-ऑन-वाय ते भिलार

वेल्सच्या सीमेवर वाय नदीच्या काठी हे-ऑन-वाय हे चिमुकले गाव वसले आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी रिचर्ड बूथ यांनी तेथील अग्निशमन दलाच्या जुन्या इमारतीत वापरलेल्या पुस्तकांचे दुकान थाटले. पुढे गावातील चित्रपटगृहातही पुस्तके आली. १ एप्रिल १९७७ रोजी बूथ यांनी स्वतःला गावाचा राजा म्हणून घोषित केले. तारीख पाहता सुज्ञ वाचकांना त्यातील थट्टा उमगेलच.

गावच्या मध्ययुगीन किल्ल्यातील वाडा १९३९ व १९७७ साली आगीत होरपळला. २०११ मध्ये एका धर्मादाय न्यासाने तो विकत घेतला आणि जीर्णोद्धारानंतर २०२२ मध्ये लोकांसाठी खुला केला. किल्ल्याच्या आवारातील उघड्या फळ्यांवर जुनी पुस्तके मांडलेली असतात. विक्रेता कोणी नाही. ग्राहकाने पेटीत पैसे टाकावे, पुस्तक घ्यावे. ती रक्कम किल्ल्याच्या जतनासाठी खर्च होते. माणसावर टाकलेला हा विश्वास आम्हांस विशेष भावला.

याच गावापासून प्रेरणा घेऊन आपल्या महाराष्ट्रात पाचगणी व महाबळेश्वर यांच्या दरम्यान, स्ट्रॉबेरीसाठी ख्यात असलेल्या भिलारमध्ये ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ साकारले. राज्य मराठी विकास संस्थेने सुमारे १५ हजार पुस्तके पुरविली; ती २५ ठिकाणी मांडण्यात आली. कोठे कथा-कादंबरी, कोठे कविता, कोठे संतसाहित्य, कोठे चरित्रे. चित्रकारांनी भिंती रंगविल्या. जागा मात्र गावकऱ्यांनी दिल्या, आणि आमच्या मते या उपक्रमाचे खरे भांडवल तेच होय. ओसरीवर अनोळखी माणसाला तासन्‌तास बसू देणे ही लहान गोष्ट नव्हे.

भिलारने हेची नक्कल केली नाही. तेथे पुस्तके विकली जातात, येथे केवळ वाचली जातात. त्यामुळे हेचा व्यवहार विक्रीवर चालतो, तर भिलारची भिस्त शासनाच्या साहाय्यावर व घरधन्यांच्या आस्थेवर आहे. ही आस्था आटली तर कपाटे उरतील, वाचनालय उरणार नाही, याचा विसर पडू नये. पुढे वेरूळ, अंकलखोप, पोंभुर्ले आदी गावांसाठीही शासनाने ही योजना आखली.

एकलहऱ्यातील वा अन्य धर्मग्रामांतील वाचकांना पाचगणीस जाण्याचा योग आल्यास त्यांनी भिलारला अवश्य थांबावे. पुस्तक घरी नेता येत नाही. सबब सवड काढूनच जावे.