वैशाखातली सावली

उन्हाळा लागला की ‘उन्हापासून त्वचा जपा’ असे सांगणाऱ्या क्रीमच्या जाहिराती सुरू होतात. इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला अशा वेळी सोलापूर जिल्ह्यातले मंगळवेढे आठवते. दामाजीपंत, कान्होपात्रा आणि चोखोबा यांचे हे गाव. तिथले ऊन कसे असते, हे त्या भागातल्या माणसाला सांगायला नको.

चोखोबांच्या निधनाची तिथी परंपरेने वैशाख वद्य पंचमी, शके १२६०, म्हणजे इ.स. १३३८ अशी सांगतात. गावकुसाच्या कामावर इतर मजुरांबरोबर त्यांना राबावे लागले आणि भिंत कोसळून ते सारे तिच्याखाली गाडले गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधल्याची कथा आपण ऐकतो. पण महिना वैशाखाचा होता, याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. वेठीच्या माणसाला दुपारी सावलीला बसण्याची मुभा कुठून असणार?

मग कष्टकऱ्यांनी आपली सोय आपणच केली. डोक्याला पटका, खांद्यावर उपरणे. ज्वारी काढायला जाणाऱ्या बायका आजही लुगड्यावर घरातला जुना लांब बाह्यांचा शर्ट चढवतात आणि डोक्यावर पदर घट्ट बांधतात. पाने कापत नाहीत आणि ऊनही लागत नाही. शिवाय पहाटे कामाला लागायचे आणि ऊन चढायच्या आत बरेचसे उरकायचे.

सूर्यप्रकाशातले अतिनील किरण जर्मनीतील योहान रिटर यांनी १८०१ मध्ये शोधले. त्वचा भाजते ती मुख्यतः या किरणांमुळे, आणि भर दुपारी ते सर्वांत तीव्र असतात. घट्ट विणीचे, गडद कापड त्यांना चांगले अडवते. विरळ किंवा घामाने भिजलेले कापड तितके अडवत नाही. सावळ्या कातडीतले मेलॅनिन थोडे रक्षण करते, पूर्ण नाही. क्रीम उपयोगी आहेच, पण उन्हात काम करणाऱ्याने ते दर दोन तासांनी पुन्हा लावायला हवे. खडी फोडणाऱ्या बाईला हे कसे जमावे?

१९७२ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यात हजारो माणसे अशीच खडी फोडत होती. त्या अनुभवातून १९७७ मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्यात कामाच्या जागी पिण्याचे पाणी, प्रथमोपचार, मुलांसाठी सावली आणि मजुरांना विश्रांतीचा वेळ यांची तरतूद झाली. चोखोबांनंतर साडेसहाशेहून अधिक वर्षांनी सावली कायद्याच्या कागदावर आली, तीही मुलांपुरती!

म्हणून माझे एवढेच सांगणे आहे. उन्हात निघताना अंगभर कपडे घाला, डोके झाका, हवे तर क्रीमही लावा. पण आपल्या घराचे बांधकाम किंवा शेतातले काम चालू असेल, तर बारा ते तीन ते थांबते की नाही, हेही पाहा. ती तीन तासांची सावली देणे आपल्या हातात आहे.