खरवडलेला तवा आणि ओहायो नदीकाठचं एक शहर

आजचा भाग थेट तुमच्या ओट्यावरून सुरू होतो. नॉनस्टिक तवा. घेतला तेव्हा काळाभोर, गुळगुळीत. दोन-तीन वर्षांत मधोमध रंग उडतो, कडेला ओरखडे पडतात आणि डोसा परत चिकटायला लागतो. मग आपण फोन काढतो, ‘चांगला तवा’ असं शोधतो आणि समोर येते ही भलीमोठी यादी. बिडाचा, लोखंडी, ट्राय-प्लाय स्टील, सिरॅमिक, ग्रॅनाइट, ‘पीएफओए फ्री’. घ्यायचं काय?

इतिहासाच्या पॉडकास्टवर तव्याची खरेदी कशाला, असं वाटेल तुम्हाला. पण ‘पीएफओए फ्री’ हे दोन शब्द त्या खोक्यावर कसे आले, यामागे एक मोठा इतिहास आहे. तो माहीत असला की तवा निवडणं बरंच सोपं होतं.

आधी तव्याची काळजी कोण घ्यायचं?

नॉनस्टिकच्या आधी आपल्याकडे भांडं ही सतत सांभाळायची वस्तू होती. तांब्या-पितळेच्या पातेल्यात ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकायची. म्हणून दर काही महिन्यांनी कल्हईवाला लागायचा. तो गल्लीत भाता लावायचा, भांडं तापवायचा, नवसागराची पूड टाकायचा, कथलाची कांडी टेकवायचा आणि कापसाच्या बोळ्याने ते कथील आतून झरझर फिरवायचा. पांढरा धूर, तो विशिष्ट वास, आणि काळपट पातेलं चांदीसारखं लख्ख! ही कल्हई म्हणजेही कोटिंगच. फरक एवढाच की ते झिजलं की परत लावता यायचं.

बिडाच्या तव्याचंही तेच. तेल लावून तापवत राहिलं की त्या तेलाचा पातळ, कडक थर धातूवर बसतो. अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवायचा आणि मग घावन घालायचं, ही सवय त्यातूनच आलेली. थर गेला? घासा, तेल लावा, पुन्हा तापवा.

नंतर ॲल्युमिनियम आलं. मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटरटन यांनी 1898 च्या सुमारास ॲल्युमिनियमची भांडी बनवायला सुरुवात केली. आपल्याकडे त्याला ‘जर्मन’ किंवा ‘जर्मल’ म्हणायचे. मग स्टेनलेस स्टील घरोघर पोचलं आणि कल्हईवाल्याची हाक हळूहळू बंद झाली. भांड्यांच्या देखभालीचं काम घरातून कमी होत गेलं. नॉनस्टिक ही त्याच प्रवासातली पुढची पायरी.

1938: बाटल्यात अडकलेला वायू

6 एप्रिल 1938. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात ड्यूपॉन्ट कंपनीची प्रयोगशाळा. 27 वर्षांचे रसायनशास्त्रज्ञ रॉय प्लंकेट फ्रिजमध्ये वापरायच्या नव्या वायूवर काम करत होते. त्या सकाळी त्यांनी आणि त्यांचे मदतनीस जॅक रेबॉक यांनी एका बाटल्याची झडप उघडली, तर वायू येईचना. बाटला वजनाला मात्र भरलेलाच! शेवटी तो करवतीने कापला. आत पांढरी, मेणासारखी पूड निघाली.

तो वायूच एकमेकांत गुंफला जाऊन नवा पदार्थ तयार झाला होता: पॉलिटेट्राफ्लुओरोएथिलीन, म्हणजे पीटीएफई. आम्ल त्याचं काही बिघडवत नव्हतं, द्रावकात तो विरघळत नव्हता, त्याला काही चिकटतही नव्हतं. त्याचा पहिला महत्त्वाचा उपयोग स्वयंपाकघरात नाही, तर अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पात झाला. युरेनियमचा अतिशय दाहक वायू सांभाळणाऱ्या झडपा आणि जोडांना असाच पदार्थ हवा होता. ‘टेफ्लॉन’ हे नाव त्याला मिळालं 1945 मध्ये.

आता एक गंमत. ज्याला काहीच चिकटत नाही, तो पदार्थ तव्याला कसा चिकटवणार? याचं उत्तर मिळालं फ्रान्समध्ये. मार्क ग्रेगॉर हे इंजिनीअर मासेमारीच्या दोऱ्याचा गुंता होऊ नये म्हणून टेफ्लॉन वापरत होते. त्यांच्या पत्नी कोलेट यांनी सुचवलं, हेच माझ्या पॅनला लावून बघ ना! युक्ती अशी होती: आम्लाने ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खड्डे पाडायचे आणि टेफ्लॉन त्यात बसवून भाजायचं. म्हणजे ते चिकटत नाही, खड्ड्यांत अडकून बसतं. टेफ्लॉन आणि ॲल्युमिनियम मिळून कंपनीचं नाव झालं टेफाल. साल 1956.

ही युक्ती लक्षात ठेवा, कारण तुमचा तवा का मरतो ते यातच आहे. पकड फक्त त्या खड्ड्यांची. सुरीचा ओरखडा, तारेची घासणी किंवा फार जास्त आच लागली की ती पकड सुटते. आणि कारखान्यात हा थर जवळपास 400 अंशांना भाजून बसवलेला असतो, त्यामुळे घरी तो परत लावता येत नाही. इथे कल्हईवाला नाही!

औरंगाबादचं ‘निर्लेप’

भारतात ही गोष्ट सुरू झाली ती आपल्या मराठवाड्यात. 1968 मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नानासाहेब भोगले यांनी निर्लेप सुरू केलं. नाव काय नेमकं बघा! निर्लेप म्हणजे ज्याला कशाचाच लेप लागत नाही असा. एरवी हा शब्द संत-महात्म्यांबद्दल बोलताना वापरायचा, तो थेट तव्यावर आला. अनेक मराठी घरांत आजही कुठल्याही कंपनीच्या नॉनस्टिकला ‘निर्लेपचा तवा’च म्हणतात. लाकडी उलथनं त्याच तव्याबरोबर घरात शिरलं. पुढे 2018 मध्ये बजाज इलेक्ट्रिकल्सने ही कंपनी घेतली.

आणि खरं सांगायचं तर या तव्याने घरातल्या बाईचे कष्ट वाचवले. कमी तेल, कमी घासणं, पहिलाच डोसा नीट सुटणं. हे फायदे खरे होते. प्रश्न एवढाच की हा तवा बनवताना मागे काय उरत होतं?

पार्कर्सबर्गच्या गाई

आता परत अमेरिकेत. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात ओहायो नदीच्या काठी पार्कर्सबर्ग नावाचं शहर आहे. तिथे ड्यूपॉन्टचा टेफ्लॉनचा मोठा कारखाना. टेफ्लॉन तयार करताना 1951 पासून एक मदतनीस रसायन वापरलं जायचं: पीएफओए, म्हणजेच सी-8. तयार तव्यात ते जवळजवळ उरत नाही, भाजताना निघून जातं. पण कारखान्यातून ते हवेत गेलं, नदीत गेलं आणि खड्ड्यांत पुरलेल्या गाळातून जमिनीत मुरलं. शिवाय ते निसर्गात मोडत नाही आणि माणसाच्या रक्तात वर्षानुवर्षं राहतं.

विल्बर टेनंट हे तिथले शेतकरी. त्यांच्या कुरणातून वाहणाऱ्या ओढ्याच्या वरच्या बाजूला कंपनीने कचरा टाकायची जागा केली. ओढ्याला फेस यायला लागला आणि गुरं मरायला लागली. शंभराहून जास्त गेली. टेनंट मेलेल्या गाई स्वतः कापून, आतले अवयव दाखवत व्हिडिओ काढायचे. गावात कोणी ऐकेना. कसं ऐकणार, अर्ध्या गावाची रोजीरोटी त्याच कारखान्यावर!

1998 मध्ये त्यांनी सिनसिनाटीच्या रॉब बिलॉट या वकिलाला फोन केला. गंमत म्हणजे बिलॉट यांची फर्म एरवी रासायनिक कंपन्यांची बाजू मांडायची. पण बिलॉट यांच्या आजीचं घर त्या भागातलं, म्हणून त्यांनी केस घेतली. कोर्टामार्फत कंपनीची हजारो पानं हाती आली आणि त्यांत दिसलं की हे आत आधीपासून माहीत होतं. 1961 पर्यंत कंपनीच्याच संशोधकांना कळलं होतं की या रसायनाने उंदरांचं यकृत सुजतं. 1981 मध्ये टेफ्लॉन विभागातल्या महिला कामगारांना तिथून हलवलं होतं. 1984 मध्ये आसपासच्या नळाच्या पाण्यात ते सापडलं होतं. लोकांना मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

पुढची गोष्ट मला या सगळ्यात सर्वात मोठी वाटते. 2004 च्या तडजोडीत मिळालेल्या पैशातून लोकांनी एक ठरवलं: रक्ताचा नमुना देणाऱ्या प्रत्येकाला 400 डॉलर द्यायचे. सुमारे 69,000 माणसांनी रक्त दिलं! तीन तज्ज्ञांच्या समितीने काही वर्षं तो अभ्यास केला आणि 2012 पर्यंत निष्कर्ष दिला की सी-8 चा सहा आजारांशी संबंध असण्याची शक्यता जास्त आहे: मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, आतड्यांचा अल्सरेटिव्ह कोलायटिस, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि गरोदरपणातला उच्च रक्तदाब. 2017 मध्ये सुमारे साडेतीन हजार दाव्यांपोटी 67 कोटी 10 लाख डॉलर देण्याचं ठरलं. विल्बर टेनंट 2009 मध्येच गेले होते. यावरचा ‘डार्क वॉटर्स’ हा 2019 चा सिनेमा तुमच्यापैकी काहींनी पाहिलाही असेल.

‘पीएफओए फ्री’ म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी 2015 पर्यंत पीएफओए बंद केलं. 2019 मध्ये ते स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं आणि 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसांत कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. म्हणून आज खोक्यावर ‘पीएफओए फ्री’ लिहिलेलं असतं. खोटं नाही ते. पण त्याचा अर्थ ‘टेफ्लॉन नाही’ असा होत नाही. मदतनीस बदलला, कोटिंग तेच. पीएफओएच्या जागी आलेलं जेनएक्स हे रसायन 2017 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या केप फिअर नदीच्या पाण्यात सापडल्याची बातमी आली. म्हणजे नदी बदलली, गोष्ट तीच.

कायदेही बघा. मिनेसोटा राज्याने 1 जानेवारी 2025 पासून अशा कोटिंगची भांडी विकायला बंदी केली. फ्रान्सने त्याच वर्षी या रसायनांच्या कुटुंबावर कायदा केला, पण भांडी वगळली. टेफालचे कामगार आधीच पॅरिसमध्ये पॅन वाजवत रस्त्यावर उतरले होते.

आणि हे फक्त ‘तिकडचं’ नाही. इटलीत त्रिसिनोला मितेनी नावाचा कारखाना होता. तिथे पीएफओए आणि त्याच्या कुटुंबातली रसायनं बनायची. मोठ्या भागाचं पाणी दूषित झालं, 2018 मध्ये कंपनी दिवाळखोर झाली, जून 2025 मध्ये तिथल्या कोर्टाने 11 जणांना दोषी ठरवलं. त्या कारखान्याची यंत्रसामग्री एका भारतीय कंपनीने विकत घेतली आणि ती आली रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुरामला. तिथला माल तव्यासाठी नाही, औषधं आणि शेतीच्या रसायनांसाठी. तरीही पार्कर्सबर्गची गोष्ट चिपळूण-खेडच्या पोरांनी नीट माहीत करून घ्यावी, एवढं मला नक्की वाटतं.

मग घ्यायचं काय?

आधी घाबरणं थांबवा. टेफ्लॉनचा एखादा कण पोटात गेला तर तो पचत नाही, तसाच बाहेर पडतो. धोका असतो तो रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरण्यात. फार तापल्यावर कोटिंग मोडायला लागतं आणि त्या धुराने पिंजऱ्यातले पक्षी मरतात, माणसालाही ताप येऊ शकतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शनातही कोटिंग झिजलेली भांडी काढून टाकायला सांगितलंय.

आता नवीन घेताना एकच प्रश्न विचारा: हा तवा झिजला तर मी घरी परत नीट करू शकतो का?

बिडाचा तवा: हो. डोसा, घावन, आंबोळी, थालीपिठासाठी उत्तम. जड असतो, ओला ठेवला की गंजतो, चिंच-कोकमाचं आंबट त्यात शिजवू नका. पहिले काही दिवस चिकटेल, धीर धरा. साबणाने हलकं धुतलं तरी चालतं, फक्त लगेच पुसून तेलाचा हात फिरवा.

साधा लोखंडी तवा: हो. पोळी-भाकरीला हाच. हलका आणि स्वस्त.

ट्राय-प्लाय स्टील: हो, घासलं की झालं. आतल्या ॲल्युमिनियममुळे सगळीकडे सारखं तापतं. भाजी, आमटी, टोमॅटो, काहीही शिजवा. युक्ती एकच: आधी पॅन तापवा, पाण्याचा थेंब गोळी होऊन पळायला लागला की मग तेल.

सिरॅमिक: नाही. यात टेफ्लॉन नसतं हे खरं, पण तेही कोटिंगच, आणि त्याचा निसरडेपणा बहुतेक वेळा टेफ्लॉनपेक्षा लवकर जातो. ‘ग्रॅनाइट’ किंवा ‘स्टोन’ लिहिलेलं दिसलं तर खोकं उलटून बघा. बऱ्याचदा ते टेफ्लॉनच असतं, फक्त ठिपके दगडासारखे.

अंड्यासाठी नॉनस्टिक हवाच असेल तर एक छोटा ठेवा, मंद आचेवर वापरा, लाकडी उलथनं वापरा. पण तो दर काही वर्षांनी फेकायचा आहे, आणि प्रत्येक नव्या तव्यामागे कुठेतरी एक कारखाना आणि एक नदी आहे, हे धरून हिशेब करा. पैसे कमी असतील तर एकदम सगळं बदलू नका. रोज लागणारा तवा आधी बदला, बाकीचं हळूहळू.

नॉनस्टिकने आपलं घासणं-पुसणं वाचवलं, पण ते काम नाहीसं झालं नव्हतं. त्याचा भार पार्कर्सबर्गच्या लोकांनी उचलला. बिडाच्या तव्याला तेलाचा हात फिरवायला लागतात दोन मिनिटं. ती आपण देऊ शकतो.

तुमच्या घरात आजीचा बिडाचा तवा माळ्यावर पडून असेल, तर काढा खाली. गंजला असला तरी वाया गेलेला नाही तो. आणि हा भाग घरात पुढचा तवा विकत घेणाऱ्या माणसाला नक्की पाठवा. भेटूया पुढच्या भागात!