गरमी, परमा आणि गोदीतला माणूस

आपण रोगाला जे नाव देतो, त्यावरून त्याचा उपचारही ठरू लागतो. लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या रोगांची नावे पाहिली, म्हणजे हे पटते.

सोळाव्या शतकात भावमिश्राने ‘भावप्रकाशा’त ‘फिरंग’ रोगाचे वर्णन केले. हाच सिफिलिस. बंदरांत उतरलेल्या फिरंग्यांच्या नावावरून त्याला हे नाव पडले. बोलीत मात्र सिफिलिसला ‘गरमी’ आणि गनोरियाला ‘परमा’ म्हणत. ‘गरमी झाली’ म्हटले की चारचौघांत अब्रू राही. जाणणारा काय ते जाणे.

ही आडपडद्याची भाषा कामगाराला का लागे? मुंबईची प्रिन्सेस गोदी १८८० साली सुरू झाली. तेथे हंगामी मजूर टोळीवाल्यामार्फत रोजावर घेतले जात. लवळ्यासारख्या मुळशीतल्या गावांतूनही पोटासाठी मुंबई गाठण्याची वाट जुनीच. बायकामुले गावी, आणि उद्याच्या कामाची खात्री नाही. आजारी म्हणून नाव झाले तर रोज बुडायचा. गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा १९४८ साली आला.

पण ‘गरमी’ म्हटले की उपाय थंडाव्याचा! सिफिलिसचा पहिला व्रण काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. रोग्याला वाटते, थंडाव्याने गुण आला. जंतू मात्र शरीरात राहतात. शिवाय अशा व्रणातून एचआयव्हीला शिरकाव सोपा होतो. कारण त्वचेचा अडसर तुटलेला असतो आणि हा विषाणू ज्या पेशींवर हल्ला करतो, त्या तेथे गोळा झालेल्या असतात.

सरकारचे वागणेही लपवायलाच शिकवणारे होते. १८६८ च्या संसर्गजन्य रोग कायद्याने वेश्यांची सक्तीने तपासणी होई, त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांची नाही. हा कायदा १८८८ साली रद्द झाला. पुढे शंभर वर्षांनी, १९८९ मध्ये, गोव्यात डॉमिनिक डिसूझा या रक्तदात्याला केवळ एचआयव्हीबाधित म्हणून ६४ दिवस कोंडून ठेवले गेले. खरे नाव उच्चारण्याची किंमत लोकांनी पाहिली.

भारतात एचआयव्हीची लागण प्रथम १९८६ साली चेन्नईत आढळली. या विषाणूची लक्षणे अनेक वर्षे दिसत नाहीत. ना व्रण, ना जळजळ. म्हणून जुन्या सांकेतिक भाषेत त्याला शब्दच नव्हता. रक्ततपासणीवाचून तो कळत नाही.

२००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत औषधे मिळू लागली. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजण्यापलीकडे गेला, की लैंगिक संबंधांतून लागण होत नाही. २०१७ चा कायदा २०१८ साली अमलात आला. त्यानुसार संमतीविना तपासणी करता येत नाही आणि एचआयव्हीबाधित म्हणून कामावरून काढता येत नाही. गोदीतल्या मजुराला हे संरक्षण असते, तर त्याला ‘गरमी’च्या आडोशाची गरज पडली नसती.

वर्गात एखाद्या मुलाने असा शब्द वापरला, तर आपण त्याला दटावू नये. तो शब्द फळ्यावर लिहावा, शेजारी रोगाचे शास्त्रीय नाव लिहावे आणि दोहोंतला फरक मुलांनाच शोधू द्यावा.